पाठीचा कौल

सोमवार, ३ मार्च

गादी आली. ती यायच्या आधीच घरात तिच्यावरून दोन पक्ष पडले होते, त्यामुळे दारात कुणी तिचं कौतुक केलं नाही. हे तर पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "रबराचं गाठोडं आलं वाटतं."

गाठोडंच होतं. हवा काढून, प्लास्टिकमध्ये आवळून गुंडाळलेलं. मुलाने ते खांद्यावरून वर आणलं. प्लास्टिक कापायला कंपनीने एक छोटं कटर दिलं होतं, पिवळं, आकड्यासारखं वाकडं, पातं आत लपलेलं. चीर दिल्यावर गादीने फुस्स केलं आणि ती हळूहळू अंग सोडवू लागली. सूनबाई म्हणाली, "आई, ही तर आळस देतेय." मग कंपनीनेच दिलेली पांढरी खोळ तिने घाईने चढवली. नंतर ते कटर सापडेना. पलंगाखाली, कपाटामागे, मुलाच्या खिशात, सगळीकडे पाहिलं. मुलगा म्हणाला, "जाऊ दे, फुकटचं होतं."

गादीला खोडरबराचा वास येतो. नव्या खोडरबराचा, शाळेच्या पहिल्या दिवशी यायचा तसा. बेबी खोडरबर चावायची. वर्षभरात तिची तीन-चार खोडरबरं पोटात जायची आणि कॉन्व्हेंटच्या सिस्टर मला विचारायच्या, तुझी बहीण नीट जेवत नाही का?

बेबीला जाऊन सहा महिने झाले.

असो. गादीबद्दल लिहायचं आहे. खाली आमचं दुकान, मागे कारखाना, वर आम्ही. सासऱ्यांपासून हाताने शिवलेल्या कापसाच्या गाद्या. आता मुलाला या नव्या गाद्यांची एजन्सी घ्यायची आहे. वरचा थर रबराच्या झाडाच्या चिकाचा, खाली स्प्रिंगा, प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या कापडी पिशवीत. महिनाअखेर कंपनीला हो की नाही कळवायचं. हो म्हटलं तर मागचा कारखाना बंद, तिथे गोदाम होणार. ह्यांचं दाभण आणि सुतळी माळ्यावर जाणार. बापलेकांचं जमेना तेव्हा दोघांनी घरातली जुनी रीत काढली: माझी पाठ म्हणेल ते.

ही रीत मामंजींची. मी नवी नवरी होते. पहिल्या सकाळी चहा घेताना मी म्हटलं की डाव्या कमरेखाली काहीतरी होतं, बटण असावं, कोटाचं. मामंजींनीच ते चादरीखाली ठेवलं होतं. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्या दिवसापासून मी महिनाभर झोपल्याशिवाय नवी गादी दुकानात गेली नाही. आणि चाचणी चालू असताना त्या गादीवर दुसऱ्या कुणी बसायचंही नाही. हा पण त्यांचाच नियम.

नमुना एकट्यापुरता आहे, म्हणून मी आजपासून रस्त्याकडच्या खोलीत.

मंगळवार, ४ मार्च

पहिली रात्र झाली. काहीच जाणवलं नाही.

हे मी चांगल्या अर्थाने लिहिते आहे. ह्यांच्या गादीवर मला प्रत्येक गाठ तोंडपाठ आहे. कोणत्या टाक्यापाशी कापूस सरकला आहे, कुठे खोलगट झालं आहे, सगळं. इथे असं काही नाही. खांदे किंचित आत जातात, मानेला आधार मिळतो. कमरेखाली तर गादी आहे की नाही तेच कळत नाही. पाण्यावर ठेवल्यासारखं.

मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "आई, कंपनीच्या माहितीपत्रकात हेच लिहिलंय, अगदी हेच." ह्यांनी चहाचा कप जोरात ठेवला.

शुक्रवार, ७ मार्च

आज हसं झालं. मी जिन्यावरून खाली दुकानात गेले ती एकाच पायात चप्पल घालून. दुसरी जिन्यातच राहिली होती. गिऱ्हाईक बाई माझ्या पायांकडे पाहत होत्या, म्हणून मी पाहिलं. हे म्हणाले, "अर्धीच आलीस का? बाकीची मागून येतेय वाटतं."

बाई हसल्या, मीही हसले. पण अलीकडे माझं लक्षच नसतं. बेबी गेल्यापासून असं होतं. तिच्या घरी गेले तेव्हाही मी रडले नाही. तिच्या कपाटातले कपडे घड्या करून ठेवले, आल्यागेल्यांना पाणी दिलं. लोक म्हणाले, किती धीराची. परत येताना गाडीत पाय जड झाले होते, तेव्हापासून ते जडच आहेत. दुःख पायात उतरतं असं मला कुणी सांगितलं नव्हतं, पण उतरत असावं.

बुधवार, १२ मार्च

गीझर बिघडला आहे. गेले बरेच दिवस पाणी कोमटच येतं. आज मी बादली भरून पायावर घेत होते, तेवढ्यात सूनबाई दाराबाहेरून म्हणाली, "आई, वाफ बाहेर येतेय." आत येऊन तिने बादलीत हात घातला आणि लगेच काढून घेतला.

"आई, हे उकळतंय."

"कोमट आहे गं."

तिने माझ्या पायांकडे पाहिलं. लाल झाले होते. मी म्हटलं, गोऱ्या पायांवर लगेच दिसतं. ती मेकॅनिकला बोलावते म्हणाली. संध्याकाळी तो आला आणि गीझर ठीक आहे म्हणून गेला. हल्ली कुणाला कामच करायचं नसतं.

शनिवार, १५ मार्च

कंपनीला पंधरा तारखेला पहिला अभिप्राय हवा होता, इंग्रजीत. मुलाने तो माझ्यावर सोपवला, कॉन्व्हेंटची म्हणून. मी टेबलाशी बसले, कागदाला समास आखला आणि शाळेसारखं वळणदार अक्षर काढलं. आराम, दहापैकी दहा. आधार, दहापैकी दहा. शरीरावर कुठेही दाब जाणवत नाही. कूस बदलताना आवाज नाही. सकाळी उठताना पाठ दुखत नाही.

यातलं काहीही खोटं नाही. पण दहापैकी दहा लिहिताना हात थबकला. डॉर्मिटरीच्या सिस्टर म्हणायच्या, दहापैकी दहा फक्त देवाला, नऊ मला, तुम्ही मुलींनी आठवर समाधान मानायचं. मग मी दोन्ही ठिकाणी नऊ केले.

मुलाने फोटो काढून पाठवला. कंपनीच्या माणसाचा लगेच फोन आला. मुलगा गॅलरीत फेऱ्या मारत बोलत होता, "आमच्या आईची पाठ आहे सर, तिची पाठ चुकत नाही."

संध्याकाळी दुकान बंद करून हे वर आले. रस्त्याकडच्या खोलीच्या दारात उभे राहिले. आत आले नाहीत, नियम पाळला.

"खरं सांग. आवडली?"

"मला काही बोचत नाही."

"बोचत नाही आणि आवडली यात फरक आहे की नाही?"

मला तो फरक सांगता आला नाही. हल्ली मला काहीच बोचत नाही आणि काहीच आवडत नाही. ते कारखान्यात गेले. आजकाल काम नसतानाही तिथे जाऊन बसतात. वरून ऐकू येतं, काठीने कापूस झोडतात.

बुधवार, १९ मार्च

तोंड धुताना डोळे मिटले आणि मी पडता पडता राहिले. बेसिन धरलं म्हणून वाचले. डोळे उघडले की जमीन जागेवर, मिटले की कुठे आहे ते कळत नाही. साबण डोळ्यांत गेला.

अशक्तपणा असणार. जेवणही नीट जात नाही. सूनबाई सूप करून देते, ते मी खिडकीशी बसून संपवते, तिला वाईट वाटू नये म्हणून.

गादी उत्तम.

गुरुवार, २० मार्च

आज बेबीचा वाढदिवस.

डॉर्मिटरीत आमचे पलंग शेजारी शेजारी होते. लोखंडी पलंग, काथ्याच्या गाद्या, इतक्या टोचऱ्या की मुली म्हणायच्या, पापं इथेच फेडून होतात. बेबीला अंधाराची भीती वाटायची. बोलायची तर परवानगी नाही. मग मी माझ्या वेणीची रिबन घेतली, एक टोक तिच्या मनगटाला बांधलं, दुसरं माझ्या पायाच्या अंगठ्याला. भीती वाटली की ती हलकेच ओढायची. मी जागी व्हायचे आणि पाय एकदा माझ्याकडे ओढायचे, म्हणजे आहे मी. मग ती झोपायची. वर्षभर चाललं. सकाळी सिस्टर यायच्या आत मी गाठ सोडायचे.

हे आठवून रडू यायला हवं होतं. मी वाट पाहत बसले. नाही आलं. उठून कपड्यांना इस्त्री केली.

सोमवार, २४ मार्च

मुलाने कारखान्याचं माप घेतलं. टेप धरायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून हेच दुसरं टोक धरून उभे राहिले. मी वरून पाहत होते. मुलगा आकडा सांगत होता आणि हे "हं" म्हणत होते.

मग मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही दुकानात बसा की. गिऱ्हाईक तुम्हाला ओळखतं."

"मला ओळखतं म्हणून रबर घेईल?"

"आईने पास केलीय म्हणून घेईल."

यावर ह्यांनी टेपचं टोक सोडलं. टेप सळसळत जाऊन मुलाच्या बोटांवर आपटली. "लागलं?" ह्यांनी विचारलं. "नाही," तो म्हणाला. दोघांचा स्वभाव एक.

माझ्या पाठीने एवढं मोठं काम करू नये असं मला वाटलं. पण वाटणंही लांबून, दुसऱ्याच्या घरातल्या रेडिओसारखं.

गुरुवार, २७ मार्च

आज जे झालं ते नीट क्रमाने लिहिते.

महिना संपत आला म्हणून सूनबाईने सकाळी खोळ धुवायला काढली. वरची चादर दर आठवड्याला बदलतो, पण खोळ पहिल्या दिवसापासून तीच होती. मी खुर्चीत बसून उशांचे अभ्रे काढत होते. तिने खोळीची चेन उघडली, हात आत घातला आणि थांबली. मग मुठीत काहीतरी घेऊन माझ्यासमोर आली.

पिवळं कटर.

"कुठे होतं गं?"

"खोळीत. मधोमध. आई, जरा उभ्या राहता?"

मी उभी राहिले. तिने माझी साडी बाजूला केली आणि उजव्या कमरेखाली पाहिलं. मग मोबाईलने फोटो काढून मला दाखवला. माझ्याच अंगावर काळंनिळं उमटलं होतं, आकड्याच्या आकाराचं, मध्ये कातडी सोललेली. मी पहिल्यांदा पाहिलं. मला वाटलं, दुसऱ्या कुणाचा फोटो आहे.

"दुखत नाही?" तिने बोटाने दाबलं.

"दाबलंस का?"

तिने बोट तसंच ठेवून माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग जिन्यातून खाली हाक मारली, "बाबा, वर या. लगेच."

हे आले, मागून मुलगाही आला. मुलाने कटर पाहिलं आणि एकदम ओळखलं. त्याला आधी बरं वाटलं असावं, सापडलं म्हणून. मग सुनेने फोटो दाखवला.

मी म्हटलं, "अरे, गादीच इतकी चांगली आहे की वस्तू आत घेते. वर लागू देत नाही." मला खरंच तसं वाटत होतं.

मुलगा गादीवर आडवा झाला. नियम मोडला तरी ह्यांनी अडवलं नाही. सुनेने कटर खाली सरकवलं. तो लगेच कुशीवर वळला. "लागतंय," म्हणाला. "चांगलंच लागतंय." आणि उठून खिडकीपाशी गेला.

हे खाली गेले. परत आले तेव्हा एक हात खिशात होता. म्हणाले, "झोप बघू. भिंतीकडे तोंड कर."

मी झोपले. चादरीखाली त्यांचा हात सरकलेला ऐकू आला.

"बटण ठेवलंय. कुठे आहे सांग."

मला काही जाणवत नव्हतं. पण ते म्हणजे मामंजींचा मुलगा, आणि मी म्हणजे मामंजींची सून. मी थोडा विचार केल्यासारखं केलं आणि म्हटलं, "डाव्या कमरेखाली. कोटाचं."

मी मान वळवली. ह्यांनी खिशातला हात काढून मूठ उघडली. बटण तळहातावर होतं.

शनिवार, २९ मार्च

मेंदू आणि मणक्याच्या डॉक्टरीणबाई. वयाने आमच्या सुनेएवढ्या. बोटांना शाईचे डाग, मला बरं वाटलं. त्यांनी टाचणी घेतली आणि पायापासून वर टोचत आल्या. "टोकदार की बोथट?" मी म्हणत राहिले, बोथट, बोथट, बोथट. छातीच्या खाली चार बोटांवर एकदम टोकदार झालं. त्यांनी तिथे पेनने रेघ मारली. म्हणजे तिथून खाली मी नव्हते इतके दिवस.

"केव्हापासून?"

मी म्हटलं, बहीण गेली तेव्हापासून. त्यांनी लिहून घेतलं आणि विचारलं, "त्याआधी नव्हतं याची खात्री आहे?" मी विचार केला. बेबीच्या घराच्या पायऱ्या चढताना मी कठडा धरला होता. ती तेव्हा होती, दारात उभी होती. म्हणाली होती, म्हातारी झालीस की काय. मी हे आजवर विसरले होते.

मग डॉक्टर म्हणाल्या, "डोळे मिटा. मी अंगठा हलवते. वर की खाली, सांगा."

मी डोळे मिटले. अंधार. बराच वेळ काहीच झालं नाही असं मला वाटलं.

"सांगा ना."

"हलवलात?"

"तीनदा."

तेव्हा माझ्या मनात एकच आलं. बेबीने ओढलं असतं तरी मला कळलं नसतं. ती ओढत राहिली असती आणि मी हललेच नसते.

डोळे उघडले तर हे माझ्या पायांकडे पाहत होते. डॉक्टरांकडे नाही, माझ्याकडे नाही, त्या अंगठ्याकडे.

मंगळवार, १ एप्रिल

एमआरआयच्या फोटोत दिसलं. मणक्याच्या आत, मज्जातंतूंच्या दोरीला चिकटून एक गाठ. द्राक्षाएवढी, साधी, वाईट जातीची नाही. वर्षानुवर्षं हळूहळू वाढत आली आणि दोरीला दाबत गेली. डॉक्टर म्हणाल्या, "आणखी काही महिने गेले असते तर चालणं गेलं असतं. आत्ता काढली तर बरंच परत येईल. सगळं येईल असं मी म्हणत नाही."

मुलाने विचारलं, "गादीमुळे तर नाही ना?"

"नाही हो. गादीमुळे कळलं."

हे म्हणाले, "कापसात सरकी राहिली की गादी वाया जाते. काढायलाच लागते."

डॉक्टरांना ते कळलं की नाही कुणास ठाऊक. पण त्या म्हणाल्या, "हो, काढू."

घरी येताना मुलगा गाडी चालवता चालवता म्हणाला, "मी कंपनीकडून मुदत वाढवून घेतली आणि सांगितलं की तो अभिप्राय धरू नका. आमचं मोजमापच बिघडलं होतं." मग त्याला वाटलं, बोलायला नको होतं. मी मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हात सगळा माझा आहे अजून.

म्हणजे ते दुःख नव्हतंच का? सहा महिने मी ज्याला बेबी समजत होते ती एक गाठ होती? हे मला डॉक्टरांना विचारायचं होतं, पण रांगेत लोक होते.

शनिवार, १२ एप्रिल

दवाखाना. गाठ काढली. पालथं झोपता येत नाही, बसता येत नाही. गादी रेक्झिनची, खाली फोम. आराम तीन, आधार पाच. पायांचं काही सांगता येत नाही.

हे उशाशी बसले होते. म्हणाले, "इथे कुणी शिवतच नाही काही. सगळं चिकटवलेलं."

मंगळवार, २२ एप्रिल

घरी. मला त्याच नव्या गादीवर ठेवलं आहे. ह्यांनीच सांगितलं. म्हणाले, "त्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सपाट आणि एकसारखी हवी. माझी एकसारखी नाही. खोटं का बोलू?"

स्वतः त्यांनी आपली कापसाची गादी माझ्या पलंगालगत जमिनीवर टाकली आहे. मला एकटीने उठायची मनाई आहे. हाक मारली तर त्यांना ऐकू जात नाही, घंटी मुलाने आणली ती त्यांना आवडत नाही, म्हणतात, मी काय हॉटेलात कामाला आहे? मग कारखान्यातून सुतळी आणली. एक टोक त्यांच्या मनगटाला, दुसरं माझ्या हातात द्यायला निघाले होते. मी म्हटलं, "पायाला बांधा. अंगठ्याला."

"पायाने ओढणार?"

"येईल तेव्हा ओढेन. तोवर मोठ्याने हाक मारते."

त्यांना रिबनचं काही माहीत नाही. मी कधी सांगितलं नव्हतं. ते वाकून बांधत बसले. गादीला मारतात ती नाही, ओढली तरी न आवळणारी, हाताने सहज सुटणारी गाठ मारली. बांधलेलं मला कळलं नाही. पाहत होते म्हणून कळलं.

सोमवार, २८ एप्रिल

रोज सकाळी चहाआधी परीक्षा. हे पायथ्याशी बसतात, मला डोळे मिटायला लावतात आणि अंगठा धरतात.

"वर की खाली?"

"खाली."

"अंदाजाने सांगू नकोस. एकदा पकडलीय तुला."

"मग नाही माहीत."

"हां. हे खरं."

तळव्यात मुंग्या येतात, दिवसभर. पोटऱ्यांत जळजळ. डॉक्टर म्हणाल्या, हे चांगलं लक्षण आहे. सूनबाई म्हणाली, चांगलं लक्षण इतकं वाईट असतं होय?

शुक्रवार, २ मे

आज तीनपैकी दोन बरोबर. ह्यांनी मुलाला खाली ओरडून सांगितलं, आणि मुलाने दुकानातल्या गिऱ्हाइकाला.

रविवार, ४ मे

सकाळी कुशीवर झोपले होते, आणि उजवी कंबर दुखली. कटरच्या जखमेची नाही, ती केव्हाच भरली. गादीची. कमरेचं हाड जिथे टेकतं तिथे ही गादी खालून उलटी ढकलते. खांद्याला सोडते, कमरेला नाही. मी दोनदा वळून पाहिलं, तीच जागा.

सगळ्यांना बोलावलं. मुलगा अर्धी दाढी करून आला.

"ऐका. खांद्याला छान. पाठीला आधार चांगला, ह्यांच्या गादीपेक्षा चांगला. पण कमरेखाली कडक आहे. बायकांना टोचेल. कंपनीला सांग, मधला पट्टा मऊ करा. नाही केला तर वर आपल्या कापसाचा पातळ थर शिवून विका. तो ह्यांनी शिवायचा. दहापैकी सात."

"सात," हे म्हणाले. "माझ्या गादीला कधी सात दिले होतेस?"

"सहा. मामंजी होते तेव्हा."

"आणि आता?"

"आता मला वरून दिसते ना, तुम्ही झोपता ती. पाच."

मुलगा फेसासकट हसला. ह्यांना हसू आलं, पण त्यांनी ते मिशीत ठेवलं. मग मुलाला म्हणाले, "तो थर दोन बोटांचा लागेल. त्याहून जाड केला तर खालचं तुझं रबर काय कामाचं?" मुलगा म्हणाला, "बाबा, मग मागची खोली लागेलच तुम्हाला." "अर्धी," हे म्हणाले. बापलेक खाली गेले, माप घ्यायला.

रविवार म्हणून दुपारी सगळे झोपले. मीही. खिडकीला पडदा, बाहेर कुणाच्या तरी घरी भांडी घासली जात होती. हे खाली त्यांच्या गादीवर, मनगटाला सुतळी.

कधीतरी झोपेतच अंगठा ओढला गेला. हलकेच, एकदा. मी जागी झाले नव्हते, पण पाय जागा झाला. त्याने आपला आपणच माझ्याकडे ओढून उत्तर दिलं. आहे मी. आणि मी पलीकडच्या पलंगाकडे मान वळवली.

तिथे भिंत होती. खाली हे कूस बदलून झोपले होते, तो हात छातीशी घेऊन.

मग मला रडू आलं. आवाज न करता येईल असं वाटलं होतं, तसं झालं नाही. पाठीवरची टाक्यांची जागा ओढली जात होती, पोटऱ्या जळत होत्या, कंबर त्याच जागी दुखत होती, आणि बेबी नव्हती. सगळं एकाच वेळी कळत होतं, एकही गोष्ट वगळून नाही.

सुतळी ताणली गेली असणार. हे उठून बसले. केस विस्कटलेले, डोळे अर्धे मिटलेले.

"काय झालं? काय बोचतंय?"

मला बेबी म्हणता आलं नाही. म्हटलं, "गादी."

ते गुडघ्यांवर उभे राहिले. चादरीखाली तळहात घातला आणि कडेपासून सुरुवात करून हळूहळू, वीतभर वीतभर पुढे सरकत, गादी चाचपत राहिले.